ओल्या पोत्याखालचा वैशाख

निवेदक : पुंडलिक नारायण घोडके, वय वर्षे बावन्न, शिक्षण नववी, व्यवसाय अर्जलेखन, बैठक तहसील कचेरीचे आवार, मुक्काम मंगरूळपीर.
ज्यांच्यासंबंधी : सौ. सुलोचना पुंडलिक घोडके, निवेदकाच्या पत्नी, माहेर कामरगाव.
काळ : मागील वर्षीचा वैशाख, विशेषतः त्यातील दुसरा रविवार, दुपारी बारा ते तीन.
स्थळ : निवेदकाच्या घरामागील अंगण, तेथील म्हशीची जुनी सिमेंटची गव्हाण.
साक्षीदार : एक, दिगंबरभाऊ, मुद्रांक विक्रेते, निवेदकाच्या शेजारचे टेबल. दोन, चि. वर्षा, निवेदकाची कन्या, मुक्काम पुणे, फोनवरून.
प्रत्यक्ष पाहणारे : निवेदकाशिवाय कोणीही नाही.

ललित लेखाच्या डोक्यावर असा तपशील शोभत नाही, याची मला कल्पना आहे. परंतु अठ्ठावीस वर्षे ज्या हाताने ‘अर्जदार’ आणि ‘गैरअर्जदार’ लिहिले, त्या हाताला कोरा कागद दिसला की आधी माणसे, मग वेळ, मग जागा, मग साक्षीदार हाच क्रम सुचतो. क्रम चांगला आहे. माणूस रडत आला तरी नाव, वय, गाव सांगेपर्यंत त्याचा श्वास जाग्यावर येतो आणि पुढचे त्याला नीट सांगता येते. माझे शिक्षण नववीपर्यंतचे आहे. तथापि पदवी घेतलेली मुलेही आपला मजकूर माझ्याकडून तपासून नेतात. एकदा एका मोठ्या साहेबांनी “हा मसुदा कोणाचा?” असे विचारले होते. ते कौतुकानेच विचारले असावे, असे मी मानतो.

वैशाख परत आला आहे. आमच्याकडे तो आधी कानाला कळतो. सकाळी नऊ वाजताच रस्त्यावरची बोलणी थांबतात. मग उरतो तो कूलरच्या पंपाचा घरघराट, जाळीतल्या गवतावरून ठिबकणारे पाणी, कुठल्या तरी वळचणीला होल्याचे तेच तेच घुमणे, आणि स्थानकातून सुटणाऱ्या मानोऱ्याच्या बसचा हॉर्न, तोही अर्धवट दाबलेला. गच्च्यांवर बाजा टाकलेल्या असतात. बाजांवर धोतरे, धोतरांवर कुरडया आणि शेवया. गावाबाहेर पडले की उकडलेली हळद ताडपत्र्यांवर वाळत असते आणि तिचा मातकट, कडवट वास डांबराच्या वासात मिसळतो. तहसीलच्या आवारात कडुनिंबाची बारीक फुले माझ्या टेबलावर पडतात. मी ती फुंकून टाकतो, पुन्हा पडतात. लग्नसराईमुळे दुपारी माझ्याकडे कोणी फिरकत नाही, आणि म्हणून हा महिना असा आहे की ज्यात मला माझ्याविषयी विचार करण्यास वेळ मिळतो. तो मिळू नये असे आता वाटते.

मागील वर्षी हाच मोकळा वेळ मला फार उपयोगाचा वाटला होता. वर्षा पुण्याला नोकरीला लागली तेव्हा तिने आपला जुना मोबाइल मला दिला. त्याचा कॅमेरा चांगला होता. तिनेच मला छायाचित्रांच्या एका परदेशी साइटविषयी सांगितले. तिथे कोणीही आपले फोटो पाठवावेत. त्यांची माणसे ते तपासतात, पसंत पडले तर ठेवून घेतात, आणि जगात ज्याला तसला फोटो हवा असेल तो तिथून उतरवून घेतो. कोणाच्या पुस्तकात, कोणाच्या जाहिरातीत, कुठेही. “बाबा, तुम्हाला आवडेल. सगळं फॉर्म भरण्याचंच काम आहे,” असे ती म्हणाली. तिचे म्हणणे खरे निघाले.

त्याच सुमारास सौ. सुलोचनांनी कामरगावच्या आपल्या बहिणीकडून गांडुळे आणली. स्टीलच्या डब्यात ओले शेण, त्यात गांडुळे, वरून ओले फडके, आणि डबा मांडीवर, अशी ती बसने आली. वाहकाने तिला हटकले होते. तो प्रसंग तिने इतक्यांदा सांगितला की मी तिथे असल्यासारखा मला तो दिसतो.

“मावशी, डब्यात काय हाये? सांडन बरं.”

“नाई सांडत. झोपेल हायेत थे.”

“कोन?”

“गांडूळ.”

वाहकाने मग पुढचे तिकीट दोन बाक मागे जाऊन फाडले, असे ती सांगते आणि इथे थांबून पदराने तोंड पुसते. हसू लपविण्याची तिची ती रीत आहे.

वडिलांच्या वेळची म्हशीची गव्हाण मागच्या अंगणात रिकामी पडली होती. सुलोचनाने तिच्या तळाशी नारळाच्या शेंड्या अंथरल्या, त्यावर कडुनिंबाचा वाळला पाला, त्यावर अर्धवट कुजलेले शेण, आणि मग गांडुळे सोडली. वर ओले पोते. पोत्याच्या वर, चार विटांवर, टिनाचा पत्रा. भाजीची देठे, केळीची साल, चहाचा चोथा तिला चाले. कांदा, लिंबू, मिठाचे काही चालत नसे. पहिल्याच दिवशी तिने मला बजावले.

“हे माह्यं हाये. तुमी फक्त लिवा.”

मी लिहू लागलो. लांबट आकाराची एक नोंदवही घेतली. डाव्या पानावर गांडुळे, उजव्या पानावर छायाचित्रे, आणि दर रविवारी दोन्हींची प्रगती. पहिली नोंद अशी आहे : “गांडुळे दिसली नाहीत. खाली आहेत असे सौ. म्हणतात. / फोटो चार पाठविले. चारही नामंजूर.” पुढच्या आठवड्यातील : “वरचा पाला काळसर झाला. वास नाही, ही चांगली खूण असल्याचे सौ. म्हणतात. / फोटो सहा. नामंजूर सहा.” डाव्या पानावर ‘सौ. म्हणतात’ असे पुष्कळदा आले आहे. उजव्या पानावर साइट काय म्हणते ते आले आहे. मी स्वतः काय म्हणतो, यासाठी त्या वहीत मी जागा ठेवली नव्हती, हे आज पाने उलटताना दिसते.

नामंजुरीची कारणे ते लोक दरवेळी देत, आणि हे मला फार आवडे. आपल्याकडे अर्ज परत येतो तेव्हा कारण विचारायला दुसरा अर्ज लिहावा लागतो. कुरडयांचा फोटो नेमका टिपला गेला नव्हता. हळदीचे पाच फोटो एकसारखे होते. चहाच्या टपरीवर कुठल्या तरी कंपनीचे नाव दिसत होते. माणूस ओळखू येत असेल तर त्याचे संमतीपत्र लागते, आणि त्या संमतीपत्रावर साक्षीदाराची सही लागते. एवढ्या लांबच्या लोकांनाही साक्षीदार लागतो, हे वाचून त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर उत्पन्न झाला. मी ते संमतीपत्र मराठीत उतरविले, त्यात आवश्यक त्या सुधारणा केल्या आणि वीस प्रती काढून आणल्या.

मानोऱ्याकडच्या तांड्यावरील एक वयस्क बाई शिधापत्रिकेच्या अर्जासाठी आल्या होत्या. त्यांच्या हातातील बांगड्या मनगटापासून कोपरापर्यंत. हातांचा फोटो काढू देण्याविषयी मी त्यांना विनंती केली आणि संमतीपत्र पुढे ठेवले.

“फोटो कुठी जाईन?”

“परदेशात.”

“आन मी?”

“तुम्हाला कुठे जायचे नाही.”

“मंग मले इथी ठिवून माहे हातच कायले पाठवता, भाऊ?”

शेजारच्या टेबलावरून दिगंबरभाऊंनी मान खाली घातली. ते हसत असले की त्यांच्या शिक्क्यांची पेटी हलते. त्यांचे नाव घातलेली एक प्रत वाया गेली. एकोणीस अजून शिल्लक आहेत.

गांडुळांना संमतीपत्र लागत नाही. हे मला सुचले तेव्हा मी स्वतःवर खूश झालो होतो.

चैत्र संपेपर्यंत गव्हाणीत बदल झाला होता. सुलोचना पोत्याचा कोपरा उचलून हात आत घाली आणि मूठ बाहेर काढी. तळहातावर चहाच्या भुकटीसारखे सैल, काळे खत, आणि त्यात लाल, ओलसर, दोऱ्यासारखे जीव, जे उजेड लागताच बोटांच्या फटींतून खाली जाऊ पाहत. तिला त्यांची अंडी ओळखू येत. मोहरीएवढी, लिंबाच्या रंगाची. “हे पाहा,” असे म्हणून ती नखावर एखादे धरी. मला दिसत नसे. मी “हो” म्हणे. गल्लीतील तीन बायकांना तिने गांडुळे देण्याचे कबूल केले होते. तिघींनी घरोघरी कुंड्या आणि फुटक्या टोपल्या तयार करून ठेवल्या होत्या. अंगणात येऊन त्या पोते उचलू पाहत आणि सुलोचना त्यांना अडवी.

“उजेड चालत नाई त्याइले. डोळे नाई, त आंगानंच पाह्यते म्हना ना.”

माझ्या दोन पानांपैकी एक पान अंधारात वाढत होते आणि दुसऱ्याला उजेड हवा होता. हे वाक्य मी त्या वेळी वहीत लिहिले असते तर बरे झाले असते. त्या वेळी मला फक्त एवढेच दिसत होते की डावे पान पुढे चालले आहे आणि उजवे अडले आहे.

गांडुळांचा फोटो मी तीनदा पाठविला. तीनदा परत आला. कारण एकच : प्रकाश अपुरा, विषय अस्पष्ट. तिसऱ्या वेळी मी मोबाइल दिगंबरभाऊंपुढे ठेवला. ते मला चेष्टेने वकीलसाहेब म्हणतात.

“वकीलसाहेब, ऑफिसनं त्रुटी काढली त तुमी लोकाइले काय सांगता?”

“पूर्तता करा म्हणून सांगतो.”

“मंग?”

एवढेच बोलणे झाले. आमच्या धंद्यात त्रुटी हा शब्द फार मोठा आहे. कार्यालयाने कागदावर जे मागितले ते द्यायचे. ते कशाला हवे, ते दिल्याने देणाऱ्याचे काय होईल, हे विचारायचे नसते. रहिवासी दाखला मागितला, दाखला जोडा. मूळ प्रत मागितली, मूळ प्रत द्या. मी हजारो माणसांना हेच सांगितले आहे आणि त्यांची कामे झाली आहेत. प्रकाश अपुरा आहे. तर प्रकाश पुरवावा.

वैशाखातल्या दुसऱ्या रविवारी कामरगावला सुलोचनाच्या भाचीचे लग्न होते. मला काम आहे, असे मी तिला सांगितले. काम होतेच. जीपमध्ये बसण्यापूर्वी ती दोनदा मागे वळली.

“पोतं सुकू देजा नोका. बाराले एकदा पानी मारा, तीनाले एकदा.”

“हाव.”

“आन पत्रा हालवू नोका.”

“हाव म्हनलं ना.”

बारा वाजता मी पाणी मारण्याऐवजी पोते काढले. पत्रा काढून अंगणाच्या मधोमध ठेवला, कारण तिथे कशाचीच सावली पडत नाही. वरचा पाला बाजूला केला. गांडुळे खाली गेली. आणखी उकरले, आणखी खाली गेली. तेव्हा मी फावड्याने गव्हाणीतील सारे खत काढून त्या पत्र्यावर पातळ पसरले, म्हणजे त्यांना खाली जाण्यास जागा राहू नये. पत्रा तापला आहे हे माझ्या हाताला कळले. मी हात मागे घेतला. त्यापुढचा विचार मी केला नाही.

आणि मग ती सगळी एकत्र आली. चहूकडून, खताच्या त्या पातळ थरातून, एकमेकांत शिरत, एकमेकांखाली जात, त्यांचा नारळाएवढा एक लाल, चकाकणारा, हलणारा गोळा झाला. एवढी सुंदर वस्तू मी आमच्या अंगणात कधी पाहिली नव्हती. मी सतरा फोटो काढले. प्रत्येकात प्रकाश पुरेसा होता.

फोटो नीट पाहण्यासाठी मी आत कूलरपुढे जाऊन बसलो. डोळ्यांपुढे हिरवे ठिपके नाचत होते. साइटला प्रत्येक फोटोसोबत शोधशब्द लागतात, म्हणजे कोणी काय शोधले असता हा फोटो सापडावा, ते शब्द. पन्नासपर्यंत देता येतात. मी वर्षाला फोन लावला. मी मराठीत शब्द सांगायचा आणि तिने तो इंग्रजीत लिहून पाठवायचा, असा आमचा परिपाठ होता. माती. जीव. सेंद्रिय. ओलावा. सुपीक. शेतकऱ्याचा मित्र. पुनर्जन्म हा शब्द मीच सुचविला आणि वर्षा म्हणाली, “वा, बाबा.” एकेचाळीस शब्द झाले. मला आणखी नऊ हवे होते. जागा दिली आहे तर ती पूर्ण भरावी, हाही धंद्यातलाच नियम. ‘आयुष्य’ वर आम्ही थांबलो तेव्हा घड्याळात पावणेतीन वाजले होते.

अंगणात मी गेलो तेव्हा गोळा तिथेच होता. हलत नव्हता. कडेची गांडुळे पत्र्याला चिकटून तपकिरी झाली होती, कढईत करपलेल्या शेवयांसारखी. मी काडीने गोळा सोडवून पाहिला. मधोमध काही ओली होती. मग मी सारे फावड्याने उचलून परत गव्हाणीत टाकले, पोते झाकले, पत्रा जागी ठेवला आणि चार बादल्या पाणी ओतले. त्यानंतर वही उघडली. डाव्या पानावर लिहिले : “नैसर्गिक आपत्ती. उष्णतेच्या लाटेने नुकसान.” हा मथळा माझ्या हातात बसलेला आहे. गोठा जळाला, भिंत खचली, विहीर ढासळली, सर्वांना तो पुरतो. उजव्या पानावर लिहिले : “फोटो एक पाठविला. प्रगती समाधानकारक.”

ती संध्याकाळच्या जीपने आली. हातात लग्नातील बुंदीचा पुडा होता. तो तिने ओसरीवर ठेवला आणि चपला न काढता मागे गेली. मी ओसरीवरच थांबलो.

“हे कसं झालं?”

“ऊन लय होतं आज. पेपरात बी आलतं.”

“कामरगावले बी ऊन होतं. पोतं ओलं होतं का नाई?”

“ओलंच हाये, पाह्य ना.”

“आताचं नाई म्हनून राह्यली मी.”

दिवेलागणीपर्यंत ती गव्हाणीपाशी उकिडवी बसून खत चाळत होती. मधोमधची काही जिवंत निघाली, ती तिने त्याच स्टीलच्या डब्यात घेतली. तिसऱ्या दिवशी तीही गेली. गव्हाणीतले सारे खत तिने वांग्याच्या मुळाशी टाकून दिले. त्या तीन घरी ती स्वतः जाऊन आली. तिथे काय सांगितले, हे मला माहीत नाही. माझे नाव घेतले असते तर गल्लीतून ते माझ्या कानावर आले असते. आले नाही.

मी पंचनामा केला. मला दुसरे काही करता येत नव्हते. चांगल्या कागदावर, समास सोडून, घटनास्थळाची लांबी-रुंदी, आदल्या आठवड्याचे हवामान, मृत जीवांचा अंदाज. दिगंबरभाऊंना पंच म्हणून सही मागितली.

“मी तथी होतो का?”

“पंच नंतरच येत असते, भाऊ.”

त्यांनी सही केली. मग मी तो कागद सुलोचनापुढे ठेवला आणि खाली पेन्सिलीने फुलीची खूण केली. सही कुठे करायची, हे दाखविण्याची आमची ती पद्धत आहे. खूण पाहिली की माणूस पेन उचलतो. अठ्ठावीस वर्षांत मजकूर वाचून मग सही करणारे फार थोडे भेटले. तिने चष्मा मागितला. ती दहावी आहे, माझ्यापेक्षा एक इयत्ता जास्त. ही गोष्ट आमच्या घरात कधी कोणी काढत नाही. तिने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले, मग उलटून मागची बाजूही पाहिली.

“ऊन लिवलं. वारा लिवला. गव्हानीची लांबी लिवली. तुमी कुठी होते थे नाई लिवलं.”

तिने कागद माझ्याकडे सरकविला, पेनवर टोपण बसविले आणि आत जाऊन कुकर लावला.

फोटो मंजूर झाला. आठवडाभरात कोणी तरी तो उतरवूनही घेतला. कोणी, कुठे, हे साइट सांगत नाही. वर्षाने आनंदाने फोन केला आणि आईला दाखवा म्हणाली. मी मोबाइल सुलोचनापुढे धरला. तिने तो हातात घेतला, दोन बोटांनी चित्र मोठे केले, बराच वेळ पाहिले.

“भ्यालेले हायेत हे,” ती म्हणाली आणि मोबाइल परत दिला.

त्यानंतर वर्षभर या विषयावर आमचे बोलणे झालेले नाही. भांडण झाले असेही नाही. चहा वेळेवर येतो, औषधाची आठवण होते, नातलगांकडे आम्ही जोडीने जातो. पावसाळा आला आणि गव्हाणीत पाणी साचले. ते मी उपसून टाकले. सोयाबीन निघाले, तुरीला फुले आली, हिवाळा गेला. उजव्या पानावर नोंदी होत राहिल्या. मंजूर झालेल्या फोटोंची संख्या बरी आहे, परंतु गांडुळांच्या त्या फोटोएवढा दुसरा कोणताही उतरवून घेतला जात नाही. जगात ज्या कोणाला ‘आयुष्य’ किंवा ‘पुनर्जन्म’ शोधायचे असते, त्याच्यासमोर आमच्या अंगणातील तो पत्रा येतो. या गोष्टीचा मला अभिमान वाटत होता, आणि तो केव्हा थांबला याची नोंद नाही. डावे पान मी दर रविवारी उलटतो. ते कोरे आहे.

काल सकाळी मला शेजारच्या शोभाबाईंच्या अंगणातून पाणी शिंपडल्याचा आवाज आला. शोभाबाई त्या तिघींपैकी एक. हाताने पोत्यावर पाणी मारण्याचा आवाज वेगळा असतो. झाडाला पाणी घातल्यासारखा तो नसतो. मी स्टुलावर चढून भिंतीवरून पाहिले. विटांचा नवा वाफा होता, त्यावर पोते, पोत्यावर सुलोचनाचा हात. ती मागच्या आठवड्यात कामरगावला जाऊन आली होती. डबा मी पाहिला होता. त्यात लोणचे असेल, असे मी धरून चाललो होतो.

दुपारी जेवताना मी विचारले.

“इकडं काहून नाई टाकले? गव्हान रिकामीच हाये.”

“तिकडं सावली हाये.”

“सावली त आपल्याकडं जास्त हाये. निंब आपल्याकडं हाये.”

“हाव,” ती म्हणाली. “सावली आपल्याकडंच जास्त हाये.” आणि मला भाकरी वाढली.

संध्याकाळी मी वही काढली. मागील वैशाखातील ती नोंद खोडली. शासकीय दप्तरात खाडाखोड करताना जुने अक्षर वाचता येईल अशी एकच रेघ मारायची असते आणि बाजूला सही करायची असते. मी तसेच केले. खाली लिहिले : “पोते, पत्रा आणि पाला निवेदकाने स्वतः, स्वच्छ शुद्धीत, फोटोसाठी काढला. खत तापलेल्या पत्र्यावर पसरले. त्यानंतर सुमारे दोन तास निवेदक कूलरपुढे बसून शब्द शोधत होता. पाणी एकदाही मारले नाही. ऊन नेहमीचे होते.” एवढे लिहिण्यास मला एक वर्ष लागले. दुसऱ्याचे असते तर दहा मिनिटांत लिहून दिले असते.

सबब, खालीलप्रमाणे अर्ज सादर करीत आहे.

प्रति, सौ. सुलोचना पुंडलिक घोडके, मुक्काम मंगरूळपीर.

विषय : गांडुळांना पाणी मारण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदया, अर्जदाराने वर नमूद केलेली चूक केली व तिची खोटी नोंद केली, हे त्यास मान्य आहे. मागील पंचनामा रद्द समजावा. त्यावरील पेन्सिलीची खूण अर्जदाराने पुसली आहे. फोटो साइटवरून काढून घेता येतो, असे वर्षा सांगते. ज्यांनी तो आधीच नेला त्यांच्याकडून मात्र तो परत येत नाही. तो काढावा किंवा ठेवावा, याचा निर्णय आपण द्यावा. गांडुळे कोणाच्या अंगणात राहावीत, याविषयी अर्जदाराचे काहीही म्हणणे नाही. आपण ज्या दिवशी गावाला जाल, केवळ त्या दिवशी, दुपारी बारा वाजता आणि तीन वाजता, शोभाबाईंच्या समक्ष, पोत्यावर पाणी मारण्याची परवानगी अर्जदारास द्यावी. मोबाइल घरी ठेवला जाईल. पोत्याचा कोपराही उचलला जाणार नाही.

या अर्जास उत्तर मिळावे, ही नम्र विनंती. ते तोंडी दिले तरी ग्राह्य धरले जाईल. उत्तर नकाराचे असल्यास त्याची कारणे देण्याचे बंधन आपल्यावर नाही; ती अर्जदारास माहीत आहेत.